वडिलोपार्जित : जन्मलेल्यांचे, जन्मायच्यांचे आणि वगळलेल्यांचे

१/
‘हे माझ्या कमाईचे आणि हे वडिलोपार्जित’ असा भेद मराठी घरांत सहज केला जातो. कायद्याचे एक पानही न वाचलेल्या शेतकऱ्याला ठाऊक असते की स्वतःच्या पैशाने घेतलेले शेत तो हवे त्याला देऊ शकतो, पण आजोबांपासून चालत आलेले शेत विकायचे तर चार जणांना विचारावे लागते. या जाणिवेमागे सुमारे नऊशे वर्षांपूर्वी मांडला गेलेला एक सिद्धांत आहे. वडिलोपार्जित संपत्ती ज्याच्या ताब्यात असते तो तिचा एकटा धनी नसतो. मागच्यांनी पुढच्यांसाठी ठेवलेल्या ठेवीचा तो सांभाळकर्ता असतो. या ठेवीचे हक्कदार कोण, याची यादी मात्र प्रत्येक काळाने वेगळी केली आणि खरा संघर्ष त्या यादीवरूनच झाला.

२/
हा सिद्धांत सर्वांत नेटकेपणाने मांडला तो विज्ञानेश्वराने. कल्याणीचा चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य (इ. स. १०७६ ते ११२६) याच्या काळात त्याने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. ते कर्नाटकाच्या बिदर जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या सीमेला लागून आहे. त्या काळी आजच्या मराठवाड्याचा व सोलापूरचा मोठा प्रदेश याच राजसत्तेखाली होता. ‘मिताक्षरा’ म्हणजे मोजक्या अक्षरांची. नाव असे विनम्र असले तरी पुढे बंगाल व आसाम वगळता जवळजवळ सगळ्या भारतात वारशाचे वाद याच ग्रंथाच्या आधारे सुटू लागले.

३/
विज्ञानेश्वरापुढचा प्रश्न साधा होता. मुलाला बापाच्या संपत्तीत हक्क मिळतो तो नेमका केव्हा? बाप वारल्यावर, वाटणी झाल्यावर की जन्मतःच? याज्ञवल्क्याने पितामहाने मिळवलेल्या भूमीत पिता व पुत्र यांचे स्वामित्व सारखेच असल्याचे सांगितले होते. त्याचा धागा पकडून विज्ञानेश्वराने निर्णय दिला की स्वामित्व जन्मानेच प्राप्त होते. वाटणीने हक्क निर्माण होत नाही. आधीपासून असलेला सामाईक हक्क तिने फक्त वेगळा केला जातो. त्यामुळे पाळण्यातले मूलही आजोबांच्या शेताचे सहस्वामी ठरले. असा हक्क असणाऱ्यांना पुढे ‘सहदायाद’ म्हटले गेले आणि त्यांच्या समूहाला सहदायादी.

४/
याच विवेचनात विज्ञानेश्वराने एका जुन्या वचनाचा आधार घेतला आहे. त्याचा आशय असा : जे जन्मले आहेत, जे अजून जन्मलेले नाहीत आणि जे गर्भात आहेत त्या सर्वांना उपजीविका हवी, म्हणून स्थावराचे दान करू नये, विक्रयही करू नये. स्वतःच्या बाजूने बोलू न शकणाऱ्या, अद्याप अस्तित्वातही नसलेल्या माणसांचे हित इथे हयात माणसाच्या इच्छेच्या बरोबरीने ठेवले आहे. पुढच्या पिढ्यांचा विचार आज पर्यावरणाच्या संदर्भात वारंवार होतो. बाराव्या शतकाच्या उंबरठ्यावर तो शेताच्या बांधावर होत होता.

५/
अर्थात अपवादाशिवाय असा नियम टिकला नसता. विज्ञानेश्वराने तीन अपवाद मान्य केले. आपत्काल असेल, कुटुंबाच्या पोषणाची गरज असेल किंवा अनिवार्य धर्मकृत्य असेल तर घरातला एक कर्ता माणूसही स्थावर गहाण टाकू शकतो, विकू शकतो, देऊ शकतो. आपत्ती म्हणजे साऱ्या कुटुंबावर आलेली आपत्ती. धर्मकृत्य म्हणजे पित्याच्या श्राद्धासारखे टाळता न येणारे कर्तव्य. कर्त्याची हौस, त्याचा लोभ किंवा त्याचा राग या तिहींत बसत नाही. कर्त्याला अधिकार होता, पण त्या अधिकाराचा जाब त्याला द्यावा लागे.

६/
याला समर्थ प्रतिवाद झाला तो बंगालमध्ये. जीमूतवाहनाच्या ‘दायभागा’ने जन्मसिद्ध हक्क नाकारला. पिता हयात आहे तोवर तोच स्वामी. त्याच्या मृत्यूनंतरच पुत्रांचा हक्क सुरू होतो, असे त्याचे मत. एका पक्षाने पुढच्या पिढीला सुरक्षितता दिली, दुसऱ्याने हयात माणसाला मोकळीक दिली. १८१० साली हेन्री कोलब्रुक याने या दोन्ही ग्रंथांतील दायविषयक भागांचे इंग्रजी भाषांतर कलकत्त्यात प्रसिद्ध केले आणि पंडितांच्या चर्चेतला हा मतभेद कंपनी सरकारच्या न्यायालयांतला कायदा झाला.

७/
पिढ्यांमधला हा करार एकतर्फी नव्हता. जमीन खाली उतरत असे तसे कर्जही उतरत असे. पित्याचे ऋण फेडणे हे पुत्राचे धार्मिक कर्तव्य मानले गेले. जुगार किंवा मद्यपान यांसाठी काढलेल्या कर्जाची जबाबदारी मात्र शास्त्रानेच पुत्रावर टाकली नव्हती. व्याजालाही मर्यादा होती. थकलेले व्याज मुदलाहून अधिक मागता येत नसे. हाच ‘दामदुप्पट’ नियम. तरीही पश्चिम भारतात वारशात कवडी न मिळालेल्या मुलाच्या व नातवाच्या गळ्यात बापाआजाचे कर्ज पडत असे. अखेर मुंबई इलाख्यात १८६६च्या कायद्याने हिंदू वारसाची जबाबदारी त्याला मिळालेल्या मालमत्तेपुरती मर्यादित झाली. ज्या ठेवीत ठेव नाही, तिचा बोजाही वारसावर असू नये, हे तत्त्व तेव्हा कायद्याने मान्य केले.

८/
मराठी मुलखात ग्रंथांतल्या या कल्पनेला कागदपत्रांचे रूप आले ते वतनात. पाटील, कुळकर्णी, देशमुख, देशपांडे यांची वतने ‘पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने’ चालत. वतन म्हणजे नुसती इनाम जमीन नव्हे. त्यात काम होते, हक्क होते, मानपान होता. वतनाबद्दल तंटा उभा राहिला की गोतसभा बसे, साक्षी होत आणि महजर लिहिला जाई. वतनाचा भाग विकायची वेळ आली तर विकणारा कोणत्या अडचणीत सापडला आहे हे कागदात नोंदवले जाई. भाऊबंदांची संमती घेतली जाई. पुढे कोणी वंशजाने हरकत घेऊ नये म्हणून शपथाही लिहिल्या जात. विकणाऱ्याची एकट्याची सही पुरेशी नाही, हे त्या दस्तऐवजाची रचनाच सांगते.

९/
जमिनीच्या बाबतीत तसाच शब्द होता ‘मिरास’. त्याचे मूळ वारसा या अर्थाच्या अरबी शब्दात आहे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ साली जो अहवाल दिला त्यात मिरासदार आणि उपरी हा भेद नोंदवला आहे. उपरी म्हणजे मुदतीने वा मर्जीने जमीन कसणारा. मिरासदाराचा हक्क मात्र वंशपरंपरेचा होता. दुष्काळाने, कर्जाने किंवा धामधुमीने गाव सोडून गेलेला मिरासदार वर्षानुवर्षांनी परतला तरी आपल्या भूमीवर हक्क सांगू शकत असे. मधल्या काळात ती जमीन कसणाऱ्याला हे माहीत असे. गैरहजर माणसाची जागा राखून ठेवणे हाही त्या ठेवीचाच एक भाग होता.

१०/
गोव्यात हीच कल्पना कुटुंबाच्या बाहेर पडून गावाची झाली. मूळ वसाहतकारांचे वंशज असलेले गावकार गावच्या जमिनी सामाईकपणे धारण करत. १५२६ साली अफोन्सो मेशिया याच्या सनदेत, म्हणजे ‘फोराल’मध्ये, पोर्तुगीज सत्तेने या गावकारीच्या रूढी लेखी नोंदवल्या. जमीन कोणा एकाची नव्हती. उत्पन्नातून आधी सरकारी देणे आणि बांधबंदिस्ती यांसारखा सामाईक खर्च भागवायचा आणि मग उरलेले वाटून घ्यायचे, अशी रीत होती. खाऱ्या पाण्यापासून खाजन शेती वाचवायची तर बांध पिढ्यान्‌पिढ्या राखावेच लागतात. मात्र उरलेल्या उत्पन्नातला वाटा परंपरेने गावकारांच्या पुरुष वंशजांनाच मिळे. गावकाराची मुलगी त्याच गावात जन्मली, वाढली तरी त्या यादीत नव्हती.

११/
वारसा ही प्रत्येकाच्या बाबतीत ठेवच होती, असेही नाही. काहींच्या वाट्याला ती बेडी होऊन आली. महार वतनात मिळे ती तुटपुंजी जमीन आणि बलुते; त्या बदल्यात रात्रंदिवस सरकारची व गावाची सेवा करावी लागे. वतनदार हजर नसेल तर त्याच्या घरच्या माणसांना राबावे लागे. १८७४च्या मुंबई वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने, म्हणजेच वतन कायद्याने, ही व्यवस्था इंग्रजी अंमलात पक्की झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यात सुधारणा करणारे विधेयक १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात मांडले. या जमिनीच्या मोहाने माणूस पिढ्यान्‌पिढ्या बांधला जातो, हे ते परोपरीने सांगत होते. अखेर १९५८च्या कायद्याने ही कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली. जन्मतः मिळणारा हक्क आणि जन्मतः लादलेली चाकरी या दोहोंना एकच ‘वतन’ शब्द होता, हे विसरून या इतिहासाचे गोडवे गाता येत नाहीत.

१२/
इंग्रजी न्यायालयांनी विज्ञानेश्वराच्या तीन अपवादांना कायद्याच्या भाषेत घट्ट बसवले. १८५६ साली हनुमानप्रसाद पांडे खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला. एका विधवा आईने अज्ञान मुलाच्या वतीने मालमत्ता गहाण टाकली होती. कौन्सिलने ठरवले की दुसऱ्याची मालमत्ता सांभाळणाऱ्याचा अधिकार मर्यादित असतो. गरज असेल किंवा मालमत्तेचे हित असेल तरच तो वापरता येतो. आणि कर्ज देणाऱ्यानेही त्या गरजेची वाजवी चौकशी केली पाहिजे. हीच ती ‘कायदेशीर गरज’. खरेदीखतांत ‘कुटुंबाच्या कायदेशीर गरजेसाठी’ अशी ओळ अजूनही आढळते. बहुतेकांना ती वकिलाची सवय वाटते. वस्तुतः पुढच्या पिढीला द्यावयाच्या जाबाची ती उरलेली खूण आहे.

१३/
कायदेशीर गरजांची यादी न्यायालयांनी हळूहळू आखून दिली. सरकारी सारा, कुटुंबाचे अन्नवस्त्र, श्राद्ध, घरातल्यांची आजारपणे आणि मुलींची लग्ने. या यादीतला शेवटचा शब्द थांबून वाचावा असा आहे. मुलगा हा ठेवीचा भागीदार होता. मुलगी त्याच ठेवीवरचा खर्च होती. तिच्या लग्नासाठी शेत विकता येई, पण ते शेत विकू नका असे म्हणण्याचा अधिकार तिला नव्हता. जे अजून जन्मलेलेही नाहीत त्यांचा विचार करणाऱ्या व्यवस्थेला घरात वावरणारी मुलगी दिसत होती. तिला मोजले मात्र जात नव्हते.

१४/
विज्ञानेश्वराला याचा सगळा दोष देणे मात्र अन्यायाचे होईल. विभक्त राहणारा पुरुष निपुत्रिक वारला तर त्याची सारी संपत्ती विधवेला मिळावी, असे त्याने ठामपणे प्रतिपादले. बापाच्या पश्चात वाटणी होताना अविवाहित बहिणीला, ती मुलगा असती तर मिळाला असता त्या वाट्याचा चतुर्थांश द्यावा, असाही त्याने अर्थ लावला. स्त्रीधनाची त्याची व्याख्या इतकी रुंद होती की वारशाने आलेले धनही तीत बसत होते. एकोणिसाव्या शतकातील निकालांनी मात्र ती आकुंचित केली. विधवेला मिळालेली मालमत्ता हयातीपुरती ठरली. ती उपभोगायची आणि मृत्यूनंतर नवऱ्याच्या वारसांकडे परत जाऊ द्यायची. विश्वस्ताचे सगळे निर्बंध तिच्यावर आले. विश्वस्ताचा मान आला नाही.

१५/
मुंबई इलाखा याला काहीसा अपवाद होता. सतराव्या शतकातील नीळकंठ भट्टाच्या ‘व्यवहारमयूखा’ला गुजरात, मुंबई आणि उत्तर कोकणात विशेष मान होता. नीळकंठाचे घराणे मूळचे पैठणचे, पुढे काशीला स्थायिक झालेले. मयूखाने बहिणीला वारसांच्या क्रमात वरचे स्थान दिले. मुंबईच्या न्यायालयांनी मुलीला व बहिणीला वारशाने मिळालेली मालमत्ता पूर्ण मालकीची मानली. हा वारसा मिळे तो पुरुष वारस नसेल तेव्हा, हे खरे. तरीही इतर प्रांतांशी तुलना करता हा फरक लहान नव्हता. शास्त्र एकच असले तरी अर्थ लावणारा कोण आणि कुठला यावर घरातल्या लेकीचे भवितव्य ठरत होते.

१६/
दरम्यान ठेवीलाच तडे जात होते. जन्मसिद्ध हक्क म्हणजे वाटणी मागण्याचाही हक्क. हॅरॉल्ड मान याने पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाची पाहणी करून १९१७ साली ती प्रसिद्ध केली. १७७१ साली त्या गावात जमीनधारणेचे सरासरी क्षेत्र सुमारे ४० एकर होते. १९१५च्या सुमारास ते ७ एकरांवर आले होते. पुढे १९४७ साली मुंबई प्रांतात तुकडेबंदीचा कायदा झाला. सर्वांना समान हक्क द्यावा तर शेत कोणाचेच पोट भरण्याइतके उरत नाही, आणि शेत अखंड ठेवावे तर कोणाचा तरी हक्क बुडतो. ठेव राखायची की हक्कदार राखायचे, हा पेच निव्वळ ग्रंथाच्या आधाराने सुटणारा नव्हता.

१७/
दुसरा तडा शिक्षणाने पाडला. एकत्र कुटुंबाच्या पैशावर शिकलेल्या मुलाचा पगार कोणाचा? १९२१ साली प्रिव्ही कौन्सिलने एका खटल्यात, कुटुंबाच्या खर्चाने विशेष शिक्षण घेऊन सनदी सेवेत गेलेल्या माणसाची कमाई कुटुंबाची ठरवली. घरच्या शेताने त्याला शिकवले, मग त्याच्या कमाईवर शेताचा हक्क का नसावा, हा तर्क अगदीच पोकळ नव्हता. पण त्या तर्काने नोकरदार मनुष्य आयुष्यभर भाऊबंदांचा ऋणको होत होता. मुकुंदराव जयकरांच्या पुढाकाराने १९३० साली ‘विद्याधना’चा कायदा झाला आणि विद्येने मिळवलेले धन ज्याचे त्याचे ठरले. एकत्र कुटुंबातून स्वतंत्र व्यक्ती बाहेर पडली ती या दाराने.

१८/
घरातल्या स्त्रीसाठी पहिले दार १९३७ साली किलकिले झाले. मुंबईचे शल्यविशारद आणि मध्यवर्ती कायदेमंडळाचे सभासद डॉ. गोपाळराव देशमुख यांच्या प्रयत्नाने हिंदू स्त्रियांच्या संपत्तीहक्काचा कायदा संमत झाला. त्याने विधवेला एकत्र कुटुंबातील नवऱ्याचा हिस्सा दिला. पण तोही हयातीपुरता. मुलींच्या हक्काबद्दल कायदा गप्प राहिला. या कायद्यातील उणिवांचा विचार करण्यासाठी १९४१ साली बी. एन. राव समिती नेमली गेली. १९४४मध्ये संपूर्ण हिंदू संहितेसाठी तिची पुनर्रचना झाली, तेव्हा पुण्याच्या लॉ कॉलेजचे प्राचार्य ज. र. घारपुरे हेही तिचे सदस्य होते. मिताक्षरेचे जाणकार आता मिताक्षरेच्या दुरुस्तीला बसले होते.

१९/
स्वतंत्र भारताचे कायदामंत्री म्हणून आंबेडकरांनी हिंदू संहिता विधेयक पुढे नेले, तेव्हा दोन वाटा समोर होत्या. एक, सहदायादी तशीच ठेवून मुलीला तिच्यात बसवायचे. दुसरी, जन्मसिद्ध हक्कच रद्द करून, मृत्यूनंतर मुलगा व मुलगी यांना सारखा वाटा द्यायचा. विधेयकाने दुसरी वाट धरली. बंगालच्या दायभागाचे तत्त्व सर्वत्र लागू होणार होते आणि मुलीचा वाटा मुलाइतकाच होणार होता. संसदेत व संसदेबाहेर जबर विरोध झाला. मुलगी वाटा घेऊन परक्या घरी जाईल, शेतांचे तुकडे होतील, कुटुंब मोडेल, असे आक्षेप घेतले गेले. विधेयक रखडले आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी आंबेडकरांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्या राजीनाम्याची कारणे एकाहून अधिक होती; हे विधेयक त्यांतले प्रमुख होते.

२०/
१९५६चा हिंदू उत्तराधिकार कायदा १७ जूनपासून लागू झाला. त्याने स्त्रीच्या हयातीपुरत्या हक्काचे पूर्ण मालकीत रूपांतर केले. ही फार मोठी गोष्ट होती. मात्र सहदायादी शिल्लक राहिली, तीही पुरुषांचीच. परिणाम एका साध्या हिशेबात दिसतो. घरात बाप, एक मुलगा, एक मुलगी. आई आधीच वारलेली. वडिलोपार्जित शेत ८ एकर. बाप मृत्युपत्र न करता वारला की आधी त्याची व मुलाची वाटणी झाल्याचे मानायचे, म्हणजे प्रत्येकी ४ एकर. मग बापाचे ४ एकर दोन्ही मुलांत सारखे वाटायचे. मुलाला एकूण ६ एकर, मुलीला २. शिवाय राहत्या घराची वाटणी मागण्याचा अधिकार तिला नव्हता. भावांनी ठरवले तरच ती व्हायची.

२१/
पुढे राज्यांनी वेगवेगळ्या वाटा चोखाळल्या. केरळने १९७५च्या कायद्याने एकत्र कुटुंबाची सहदायादीच संपवली. आंध्र प्रदेशाने १९८०च्या दशकात मुलीला तिच्यात बसवले. तमिळनाडूनेही तेच केले. महाराष्ट्राने २२ जून १९९४पासून मुलीला जन्मतः सहदायाद केले. पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळले. एकाच आईच्या पोटच्या दोन बहिणी, एकीचे लग्न मे महिन्यात, दुसरीचे जुलैत, आणि दोघींचे हक्क वेगळे. ९ सप्टेंबर २००५च्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहित-अविवाहित हा भेद पुसला आणि राहत्या घराचा अडसरही काढला. मुलीला हक्काबरोबर दायित्वही दिले. मात्र नव्या कर्जांपुरते, पित्याचे ऋण फेडण्याच्या धार्मिक कर्तव्याच्या नावाने पुत्रपौत्रांना जबाबदार धरणे याच दुरुस्तीने बंद केले.

२२/
तरीही एक शंका उरली होती. २००५च्या त्या तारखेला बाप हयात नसेल तर? उलटसुलट निकालांनंतर सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ११ ऑगस्ट २०२० रोजी निर्णय दिला. मुलीचा हक्क जन्माने आहे. म्हणून त्या दिवशी बाप जिवंत असण्याची अट लागू होत नाही. हा तर्क ओळखीचा वाटावा. स्वामित्व जन्मानेच प्राप्त होते, हे कल्याणीत मांडलेले सूत्रच न्यायालयाने वापरले. तत्त्व जुनेच होते. ते लेकीपर्यंत पोहोचायला नऊ शतके लागली.

२३/
कायदा पोहोचला, पण तलाठ्याच्या दप्तरातून तो घरात उतरायचा आहे. बाप वारल्यावर वारसांची नोंद होते, फेरफार पडतो, सातबाऱ्यावर बहिणींची नावे चढतात. आणि मग पुष्कळ घरांत बहिणींना हक्कसोडपत्रावर सही करण्यासाठी बोलावले जाते. बहीण सही करते ती बहुधा कायद्याच्या अज्ञानातून करत नाही. माहेरचा उंबरा बंद होऊ नये, ही तिची भीती असते. चोळीबांगडी आणि दिवाळीचे बोलावणे हा तिच्या हिश्शाचा अलिखित मोबदला मानला जातो. या मनोवृत्तीला आतून हलवण्याचा एक प्रयत्न शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने केला. ‘लक्ष्मी मुक्ती’ अभियानात शेतकऱ्यांनी स्वखुशीने जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे करावा, असे आवाहन होते आणि अनेक गावांनी त्याला प्रतिसाद दिला.

२४/
या इतिहासाला आणखी एक वळण आहे. मुलगी ठेवीची भागीदार झाली तेव्हा ठेवच आटत चालली होती. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की १९५६च्या कायद्याने बापाकडून मुलाला मिळालेली बापाची स्वतंत्र संपत्ती ही मुलाची स्वतःची. तिच्यात नातवाचा जन्मसिद्ध हक्क नाही. पगारातून घेतलेली सदनिका, बँकेतली ठेव, समभाग हे सारे स्वकष्टार्जित. ते मृत्युपत्राने कोणालाही देता येते आणि त्यातून मुलीला वगळताही येते. विज्ञानेश्वराच्या नियमाखाली उरले आहे ते मुख्यतः जुने शेत आणि गावचे घर. गोव्यात मात्र पोर्तुगीज नागरी कायद्याच्या परंपरेने वेगळी सोय टिकली. तिथे निम्मी मालमत्ता मुलांसाठी राखीव असते, मृत्युपत्रानेही ती हिरावता येत नाही आणि त्या राखीव भागात मुलगा व मुलगी समान असतात. स्वकष्टार्जितही तिथे सर्वस्वी एकट्याचे मानले जात नाही.

२५/
‘स्वकष्टार्जित’ हा शब्द तरी कितपत खरा आहे? ज्या शेताने शिकवले, ज्या आईने दागिने मोडून शुल्क भरले, ज्या बहिणीने धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी आपली शाळा सोडली, त्यांचा भाग या कमाईत कोठे लिहायचा? १९३०च्या कायद्याने माणसाला भाऊबंदांच्या जाचातून सोडवले, ते आवश्यकच होते. पण मागच्या पिढीचे ऋण कायद्याने माफ झाले म्हणून ते नव्हतेच, असे होत नाही. आपत्ती, कुटुंब आणि धर्म ही तीन कारणे विज्ञानेश्वराने सांगितली ती केवळ शेत विकण्याची परवानगी म्हणून नव्हे. ठेव मोडणाऱ्याने कोणाला तरी उत्तर दिले पाहिजे म्हणून. ते उत्तर मागणाऱ्यांत आता लेकीही आहेत. आणि जे अजून जन्मलेले नाहीत ते तर पहिल्यापासूनच होते.

(समाप्त)